चावी फिरवायची घाई नको! पुरात भिजलेल्या मिनी ट्रॅक्टरचं काय करायचं?



शिरूर आणि दौंडच्या नदीकाठाला पुराचं वेगळं सांगायला नको. आपल्याकडे थेंब पडलेला नसला तरी वर खडकवासल्यातून पाणी सोडलं, की मुळा-मुठा फुगते. रांजणगाव सांडसला ती भीमेला मिळते आणि दोन्ही तालुक्यांतल्या काठच्या शेतात पाणी शिरतं. २०२५ साली तर मे महिन्यातच दौंडकडे धो धो पाऊस झाला. पावसाळा जूनला लागतो, असं धरून चालण्यात आता अर्थ नाही.

मागे आमच्या ओळखीच्या एका गटाचा मिनी ट्रॅक्टर रात्रीत पाण्यात गेला. सकाळी पाणी ओसरलं. "बघू तरी चालतोय का," म्हणून घरातल्या पोरानं चावी दिली. आतून खट्ट आवाज आला आणि इंजिन जाम झालं. मिस्त्रीनं खोलून पाहिलं, तर रॉड वाकलेला. पाण्यानं जेवढं नुकसान झालं नव्हतं, तेवढं त्या एका चावीनं झालं. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला आणि भाड्याचे पैसे बुडाले.

असं का होतं? डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. म्हणून पहिला नियम पाठच करा : भिजलेल्या ट्रॅक्टरला चावी लावायची नाही. धक्का मारून किंवा ओढूनही चालू करायचा नाही.

मग काय करायचं?

१. पाणी कुठवर आलं ते बघा. चिखलाची रेघ टायरवर आणि बॉनेटवर दिसते. तिचे फोटो काढा. पाणी चाकाच्या आसापर्यंतच असेल, तर इंजिन बहुतेक वाचलेलं असतं. एअर क्लीनर किंवा सायलेन्सरच्या तोंडापर्यंत गेलं असेल, तर आत पाणी आहे असंच धरा.

२. बॅटरीच्या वायरी काढा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा.

३. ऑईलची पट्टी ओढून बघा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा पातळी वाढलेली असली, तर पाणी शिरलं आहे. पाणी जड असतं, ते तळाला बसतं. खालचा नट सैल केला, की आधी पाणी येतं, मग ऑईल. सगळं काढून टाका. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑईलही असंच तपासा.

४. एअर क्लीनर खोला. कागदी फिल्टर भिजला असेल तर नवाच घाला. ऑईलचा असेल तर वाटी रिकामी करा, जाळी डिझेलनं धुवा, नवीन ऑईल भरा.

५. डिझेलची टाकी रिकामी करा. इथंही पाणी तळाला असतं. डिझेल फिल्टर बदला. नवीन डिझेल भरल्यावर लाईनमधली एअर काढावी लागते, नाहीतर इंजिन चालू होत नाही.

६. नोझल काढून इंजिन हातानं फिरवा. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. नोझलच्या भोकातून पाणी उडतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. पाणी यायचं थांबलं, की आत थोडं ऑईल सोडून पुन्हा फिरवतात. सेल्फ आणि डायनामो उघडून सुकवतात.

७. सगळं जोडल्यावर नवीन ऑईल आणि नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ बिनओझ्याचं चालवा. बंद करून पट्टी पुन्हा बघा. ऑईल परत दुधाळ झालं, तर परत बदला. इथं काटकसर करू नका. चाकांना आणि सांध्यांना नवं ग्रीस भरा, म्हणजे आतलं गढूळ पाणी बाहेर येईल. रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक तपासा.

मिस्त्री चार दिवसांनी येणार असेल, तर तोवर नुसतं थांबू नका. इंजिनात पाणी राहिलं की आत गंज धरायला लागतो. ऑईल आणि डिझेल काढून टाकणं, एअर क्लीनर उघडणं एवढं आपण बायका करू शकतो.

आता विम्याचं. नुसता थर्ड पार्टी विमा पुराची भरपाई देत नाही, पूर्ण विमा लागतो. तोही असला, तरी भिजलेलं इंजिन चालू करून झालेलं नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात. म्हणून आधी फोटो, मग कंपनीला फोन आणि मगच खोलाखोल.

समाजकल्याण विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळतो. काही गटांनी कर्ज काढून घेतला आहे. कसाही आलेला असो, त्यावर दहा-बारा घरांची आशा असते. आणि बऱ्याचदा चावी मात्र घरातल्या पुरुषांकडे असते.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पुराचा इशारा आला, की ट्रॅक्टर उंचावर कोण नेणार? विम्याचे कागद कुणाकडे? आणि चावी कुणाकडे? तिसरं उत्तर वहीत लिहून ठेवा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. पाणी ओसरलेल्या सकाळी "बघू तरी" म्हणत कुणी आलं, तर त्या ताईनं चावी द्यायची नाही.