डोंगरवाटांचे श्रमदान आणि साथीचे पथ्य

श्रमदान म्हटले की कुदळ, फावडे, घमेले आणि ओळीत उभे राहून माती पुढे देणारी माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. दूरच्या न्यूझीलंड देशातही असे श्रमदान चालते. तिथे ते डोंगरातल्या सायकलवाटांसाठी असते. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा या श्रमदानाचे काय झाले, हे आपणही समजून घेण्यासारखे आहे. साथीत मदतीला केव्हा धावावे आणि केव्हा थांबावे, याचे एक पथ्य त्यातून कळते.

वाट राखणे म्हणजे काय?

माउंटन बाइक म्हणजे जाड, खाचांच्या टायरची, डोंगरउतारावर चालवायची सायकल. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. या शहराच्या कडेला मकारा पीक नावाचा सुमारे ४०० मीटर उंचीचा डोंगर आहे. १९९८ साली तेथील नगरपालिकेने चराईची जुनी जमीन अशा सायकलींसाठी राखून ठेवली. तिथल्या वाटा खोदण्यात स्वयंसेवकांचा वाटा फार मोठा आहे. वाटांच्या कडेने देशी झाडे लावणे, रोपांना आणि पाखरांना उपद्रव करणारे उंदीर-घुशींसारखे प्राणी सापळे लावून पकडणे, हीही कामे ते करतात.

वाट एकदा खोदली की काम संपले, असे होत नाही. सायकलींपेक्षा पाणी वाटेचे जास्त नुकसान करते. पावसाचे पाणी वाटेवरूनच खाली धावू लागले की माती वाहून जाते आणि घळ पडते. म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवतात. मधूनमधून तिला छोटा खोलगट बाक देतात, म्हणजे तिथे पाणी बाहेर पडते. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. या पाण्याच्या तोंडांशी साचलेला गाळ-पाचोळा वेळच्या वेळी काढावा लागतो. आडव्या पडलेल्या फांद्याही तोडाव्या लागतात.

कुदळ खाली ठेवा!

२५ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून न्यूझीलंडमध्ये कडक टाळेबंदी लागू झाली. घराजवळ चालायला, धावायला, साध्या रस्त्यावर सायकल चालवायला मुभा होती. मात्र ज्यात इजा होण्याचा किंवा शोधपथक बोलवावे लागण्याचा संभव आहे, असे सर्व प्रकार बंद करण्यात आले. डोंगरातली सायकल त्यातच आली आणि वाटांचे श्रमदानही थांबले.

उघड्या डोंगरावर एकट्याने फावडे चालवणाऱ्याला कोणाचा संसर्ग होणार, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर संसर्गापुरते नाही. डोंगरात पडून मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. पाते निसटले तर पाय चिरतो. अशा एका माणसाला खाली आणायला चार माणसे लागतात, रुग्णवाहिका लागते, दवाखान्यात डॉक्टर आणि खाट लागते. साथीत यातली प्रत्येक गोष्ट मोजकी असते आणि जखमीला आणणाऱ्यांना एकमेकांपासून दूर राहता येत नाही. एकट्याने पत्करलेला धोका असा अनेकांच्या अंगावर पडतो.

हा नियम मोठ्यांनाही चुकला नाही. त्या वेळचे आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क हे टाळेबंदीत गाडी काढून डोंगरातल्या वाटेवर सायकल चालवायला गेले. पुढे कुटुंबासह समुद्रकिनाऱ्यावर गेल्याचेही उघड झाले. मंत्रिमंडळात त्यांना शेवटच्या क्रमांकावर बसवण्यात आले आणि जुलै २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पथ्य सांगणाऱ्यानेच पथ्य मोडले, तर लोकांनी ते का पाळावे?

स्वयंसेवकांना घरी बसणे सोपे नव्हते. एप्रिल हा तिकडे शरद ऋतू आणि त्यामागून पावसाळी हिवाळा येतो. आपण वर्षानुवर्षे राखलेली वाट आता वाहून जाईल, हे कळत असताना हात बांधून बसायचे! शिवाय निवृत्त किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला श्रमदानाचा दिवस म्हणजे चार माणसांत मिसळण्याचा दिवस असतो. तोही गेला. हे नुकसान खोटे नव्हते. तरीही खचलेली वाट पुन्हा खोदता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही, हा हिशेब त्यापेक्षा मोठा होता.

पुन्हा सुरुवात

सुमारे पाच आठवड्यांनी निर्बंध सैल होऊ लागले. मे महिन्याच्या मध्यापासून दहापर्यंत माणसांना एकत्र येता येऊ लागले. कुदळ उगारली की शेजारच्यापासून जेवढे अंतर एरवीही लागते, तेवढे राखले तर मोकळ्या हवेत या रोगाचा धोका बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी असतो. खरी भीती कामाच्या आधी आणि नंतर असते. एकाच गाडीत दाटीने बसून जाणे, एका बाटलीतून पाणी पिणे, काम संपल्यावर डोक्याला डोके लावून डबा खाणे, यातून रोग पसरतो. म्हणून ज्याने त्याने आपापले यावे, आपले अवजार व पाणी आणावे आणि हात धुऊनच खावे.

दुसरा मुद्दा शरीराचा. महिनाभर बसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी चार तास खोदले तर कंबर धरणारच. हा सल्ला आपल्याकडे बांधबंदिस्तीला, तळ्यातला गाळ काढायला जाणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे:

१) पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तासच काम करावे आणि रोज थोडे वाढवावे. खोदणे, ओढणे, उचलणे ही कामे आलटून पालटून करावीत.

२) घमेले उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे अंगाशी धरावे. ओझ्यासह कंबर पिळू नये. पाय वळवून फिरावे.

३) पायात बंद बूट, हातात मोजे असावेत. मातीत जखम झाली तर साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी. धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांकडे जावे.

४) कोरोना, फ्लू किंवा कोणताही जोराचा ताप येऊन गेला असेल, तर सर्व लक्षणे गेल्यावरही किमान आठवडाभर जड काम करू नये. अशा आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. काम करताना छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबावे व तपासून घ्यावे.

५) मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी सांगितले तर झाडांना पाणी घालणे, सामानाची नोंद ठेवणे हेही श्रमदानच आहे.

एवढे सांभाळले तर अशा कामासारखे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. खोदकामात दोन्ही साधतात आणि सोबतीला चार माणसे असतात.

तेव्हा वाचकहो, पुढे कधी साथ आली आणि मदतीची हाक आली, तर निघण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मला ताप, सर्दी, खोकला आहे का? आणि मला तिथे इजा झाली तर माझ्यासाठी दुसऱ्या कोणाची खाट अडेल का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर खुशाल कुदळ उचला. एकाचे जरी हो असेल, तर त्या दिवशी घरी थांबा. तुमच्या वाट्याची सेवा तीच.