माळ्यावरची ट्रंक आणि मंडळाचे रुमाल

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेच्या वादात सगळ्यात वजनदार साक्ष दिली ती एका घरातल्या कागदांनी. भोरजवळच्या कारी गावी जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं, याच्या त्रोटक, कोरड्या नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तोवर बखरींच्या भरवशावर १६२७ हे साल धरलं जात होतं. शकावली म्हणत होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. आज सरकारी शिवजयंती त्याच तारखेला होते.

जेध्यांच्या घरात ही शकावली इतिहासाचं साधन म्हणून कोणी जपली नसेल. देशमुखीच्या इतर कागदांबरोबर ती राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी ती टाकून दिली नाही, एवढंच. मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा मोठा भाग या ‘टाकून न देण्यावर’ उभा आहे, हे पुण्यात सदाशिव पेठेतल्या मंडळाच्या वास्तूत गेलं की कळतं. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी हे मंडळ काढलं. आज तिथल्या मराठी आणि फार्सी कागदांचा आकडा पंधरा लाखांच्या घरात सांगतात. हस्तलिखित पोथ्या, नाणी आणि चित्रं वेगळीच. यातले ढीगभर कागद आले ते देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, सरदार आणि सावकार यांच्या माळ्यांवरून, तळघरांतून आणि देवघराशेजारच्या फडताळांतून.

ते मिळवणं सोपं नव्हतं. राजवाडे गावोगाव हिंडत, हाताने रांधून खात आणि लोकांनी दारं लावली तरी पुन्हा जात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे त्याचे बावीस खंड झाले. तिकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते, साताऱ्याला पारसनीस कागद आणि चित्रं गोळा करत होते. या मंडळींच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. कागद दाखवायला नकार देणारे लोक मात्र आपल्याला अडाणी वाटतात. तसे ते नव्हते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि सनद दाखवा, नाहीतर जमीन सोडा, असा प्रकार सुरू झाला. कित्येकांची इनामं गेली. अशा घरांत ‘कागद कोणाला दाखवायचा नाही’ हे आजोबांनी नातवाला बजावलेलं असे. त्यातून दारात उभा राहिलेला हा अनोळखी माणूस कागद फुकट मागत होता आणि कारण सांगत होता ते इतिहासाचं! नकार अगदी स्वाभाविक होता.

पुण्याचं सरकारी पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचं पेशवे दफ्तर, याच संशयाची दुसरी बाजू आहे. त्याची १८९१ ची दगडी इमारत जुन्या लोकांना ‘एलिनेशन ऑफिस’ म्हणून ठाऊक होती. पेशव्यांचे कागद इंग्रजांनी प्रामुख्याने जपले ते कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं खोटं हे ठरवायला. इतिहासासाठी ते नीट उघडले गेले १९३० नंतर. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ भाग काढले. सरकारी दफ्तरात राज्यकारभार सापडतो. लग्नात कोणी किती आहेर केला, भावाभावांत वाटणी कशी झाली, दुष्काळात कोणाकडून किती धान्य उसनं आणलं, हे मात्र घरच्या कागदांत.

मंडळाची खरी करामत कागद जमवण्याइतकीच ते वाचण्यात होती. सुरुवातीपासून सभा भरत; कोणी नवा सापडलेला कागद आणी, तो वाचून दाखवी आणि बाकीचे त्यावर तुटून पडत. पुढे त्रैमासिक निघालं. दत्तो वामन पोतदारांनी संस्थेचा संसार वर्षानुवर्षं सांभाळला. ग. ह. खरे मोडी, फार्सी, ताम्रपट, नाणी, मूर्ती असं सगळं एकट्याने वाचत, आणि त्यांनी जवळजवळ सारं आयुष्य मंडळातच काढलं. असा माणूस जवळ नसेल तर कागद नुसते पडून राहतात.

रुमाल ही या जगातली मुख्य वस्तू. खिशातला नव्हे, जाड कापडाचा मोठा चौकोन, त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून चारी टोकं बांधायची आणि वर क्रमांकाची चिठ्ठी लावायची. कपाटं आणि कागदी खोकी येण्याआधीची ही रीत आपल्या हवेला चांगलीच मानवली. कापडातून हवा खेळते, धूळ अडते, पावसाळ्यातला ओलावा आधी कापड पितं. जुना हातकागद चिंध्यांपासून केलेला असे, म्हणून तो दोन-तीनशे वर्षांनीही घडीवर मोडत नाही. शाई काजळीची. ती उन्हाने उडत नाही, पण पाणी लागलं की ओघळते. याउलट आपल्या आजोबांच्या काळातली दाखल्यांची आणि वर्तमानपत्रांची पानं लाकडाच्या लगद्याची. त्यातलंच आम्ल त्यांना पिवळं करून खातं. पेशवाईतलं पत्र हातात धरता येतं आणि १९४५ चं वर्तमानपत्र बोटांत चुरतं, ते यामुळे.

फोटोंचंही असंच उलटं गणित आहे. आजी-आजोबांचा १९३५ चा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो अजून खणखणीत असतो. त्यात प्रतिमा चांदीच्या कणांची असते, आणि नीट धुतलेला असेल तर तो शंभर वर्षं सहज काढतो. आई-वडिलांच्या लग्नाचे १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो मात्र कपाटात बंद ठेवूनही विटतात, कारण तिथे चांदी धुऊन गेलेली असते आणि उरतात ते नाजूक रंग. त्यातले काही आधी उडतात आणि मग सगळं वऱ्हाड तांबूस दिसू लागतं. त्यात भर पडली ती चिकट पानांच्या अल्बमची. वरचं प्लास्टिक उचलायचं, फोटो ठेवायचा, प्लास्टिक दाबायचं. फार सोयीचं होतं आणि फोटोंचं इतकं नुकसान क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. डिंक पिवळा पडतो, फोटो पानाला जन्माचा चिकटतो, प्लास्टिक वरचा थर धरून ठेवतं. त्याआधीचे काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांना चार टोप्या लावलेले आणि मध्ये पातळ कागद घातलेले अल्बम कितीतरी शहाणे होते.

आता मुद्द्याचं. स्थानिक संग्रहांचं दफ्तर ज्यांच्याकडे वाडा होता, वतन होतं, लिहिणारा कारकून होता, अशांच्या घरून मुख्यतः आलं. ज्यांच्या घरी मोडीचा एकही कागद नव्हता त्यांचा इतिहास तिथे आलाच, तर दुसऱ्याच्या तक्रारीत किंवा दुसऱ्याच्या हिशेबात. विसाव्या शतकात मात्र गिरणीत काम करणाऱ्या माणसानेही एकदा तरी स्टुडिओत जाऊन बायको-मुलांसह फोटो काढून घेतला. बोर्डिंगातल्या मुलांचा गट, धर्मांतराच्या सोहळ्याला निघालेलं कुटुंब, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, कुस्तीचा फड, मेळ्यातली पोरं. हे कोणत्याच रुमालात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या लेखन-भाषणांचा राज्य सरकारने काढलेला पहिला खंड १९७९ मध्ये आला. तो आणि पुढचे अनेक खंड वसंत मून यांच्या चिकाटीमुळे उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांना वीस-बावीस वर्षं थांबावं लागलं, तिथे वस्तीतल्या शिक्षकाच्या ट्रंकेची काय कथा! म्हणून माझ्या मते आजच्या स्थानिक संग्रहांनी मोडी रुमालांच्या आस्थेनेच फोटोंचे अल्बम, लग्नपत्रिका, रेशनकार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या आणि आंतर्देशीय पत्रं घ्यायला हवीत. जागा नाही ही सबब खरी आहे, पण ती राजवाड्यांच्या काळातही खरीच होती.

दुसरी उणीव बायकांची. जुन्या दफ्तरात वाटणीच्या किंवा दत्तकाच्या कामात बाईचं नाव येतं, एरवी फारसं नाही. अल्बममध्ये त्या प्रत्येक पानावर असतात आणि तरी निनावी, कारण खाली लिहिलेलं असतं ‘सौ. व श्री.’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेली ‘स्पॅरो’ ही संस्था बायकांचे आवाज, फोटो आणि कागद जमवते ती याच पोकळीमुळे. घरच्या पातळीवर उपाय सोपा आहे. फोटोतल्या प्रत्येक बाईचं सासरचं आणि माहेरचं, दोन्ही नावं लिहा. लग्नात नाव बदललं असेल तर जन्मनाव आधी.

नाव-गावाशिवायचा फोटो संग्रहाच्या फारसा कामाचा नसतो. अनोळखी चेहऱ्यांचा गठ्ठा कोणत्या नोंदीत घालणार? म्हणून सगळा अल्बम मोबाइलवर टिपून घेतला की काम झालं असं समजू नये. चित्र टिकतं, माहिती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर जाते. आत्याला किंवा मोठ्या काकांना शेजारी बसवून पान उलटत जायचं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि नंतर नावं लिहायची. लिहिताना फोटोच्या पाठीमागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. अल्बममधला क्रम मोडू नये. कोणाशेजारी कोण लावलं होतं हीही माहितीच आहे.

आणखी थोडं व्यवहाराचं. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे ओल येते आणि ओलीपाठोपाठ कसर आणि वाळवी. पोथ्यांच्या रुमालात वेखंड घालण्याची रीत चालू ठेवायला हरकत नाही, मात्र फोटोंजवळ डांबरगोळ्या नकोत. १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्यातल्या आणि २०१९ च्या महापुराने सांगली-कोल्हापूरच्या किती घरांतले अल्बम नेले याची मोजदाद नाही. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू दिले तर पुढे काही करता येत नाही. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात सोडवून एकेक सुटा, सावलीत वाळवावा.

संस्थेच्या ताब्यात दिलं की जोखीम संपली, असंही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जमाव घुसला आणि पुस्तकं, कागद, चित्रं यांची नासधूस झाली. तेव्हा मूळ एका ठिकाणी आणि प्रत दुसऱ्या गावी, हा नियम घराला आणि संस्थेला सारखाच लागू. देताना लेखी करार करा: दान की ठेव, कोणाला पाहता येईल, छापायला परवानगी कोणाची, आणि कुटुंबाला प्रत मिळणार का. खाजगी पत्रं काही वर्षं बंद ठेवण्याची अट घालण्यात गैर काही नाही. आणि अल्बम सुटा करून त्यातले निवडक ‘ऐतिहासिक’ फोटो घ्यायचे, बाकीचे परत करायचे, असं म्हणणारी संस्था असेल तर दुसरी शोधा.

द्यायचं ते पुण्यालाच, असंही नाही. राजवाड्यांची अखेरची वर्षं धुळ्यात गेली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते तिथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. गोव्यात सरकारी दफ्तराची परंपरा थेट १५९५ पर्यंत जाते. दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. तालुक्याच्या गावचं शंभर वर्षांचं वाचनालय, एखादं जुनं महाविद्यालय, गावातल्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ यांच्याकडेही हे काम होऊ शकतं. ज्या गावचा फोटो, त्या गावातच त्यातले चेहरे ओळखणारी माणसं मिळतात.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी राज्यभर मागणी आली. कालपर्यंत ज्या कागदांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांत लोक आपल्या पणजोबांचं नाव शोधू लागले. कोणता कागद कधी कामाला येईल, हे ठेवणाऱ्याला कळत नसतं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ट्रंक खाली आली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या संग्रहाला किंवा वाचनालयाला एक फोन करा. आणि फोन करण्याआधी आत्याकडून नावं लिहून घ्या.