गरोदरपणात पोट साफ होत नाही? संकोच सोडा, लक्षणे ओळखा

सातवा महिना लागलेली सून सकाळी बराच वेळ शौचालयातून बाहेर येत नाही. "काय गं, बरं वाटत नाही का?" सासूबाई काळजीने विचारतात. "काही नाही, आई," म्हणून ती वेळ मारून नेते. खरे तर चार दिवसांपासून तिचे पोट साफ झालेले नसते. हा सारा त्रास लोहाच्या गोळ्यांमुळेच होतो असे समजून तिने त्या गुपचूप बंदही केलेल्या असतात.

असे प्रसंग अनेक घरांत घडतात. मळमळ, डोहाळे, पाठदुखी याबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रिया या विषयावर मात्र गप्प बसतात. बद्धकोष्ठता बहुधा घातक नसते, परंतु संकोचापोटी केलेले चुकीचे उपाय महागात पडू शकतात.

ओळखायचे कसे?

रोज शौचास झालेच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातले काहीही स्वाभाविक असू शकते. आपल्या नेहमीच्या सवयीत काय बदल झाला ते पाहावे. पुढील लक्षणे दिसली तर ही बद्धकोष्ठता समजावी :

* आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे.
* खडे पडणे, फार कुंथावे लागणे.
* जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे.
* पोट फुगणे, जड वाटणे, भूक मंदावणे.

म्हणजे रोज शौचास होत असूनही दर वेळी कुंथावे लागत असेल, तर तीही बद्धकोष्ठताच.

असे का होते?

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे आतड्यांचे स्नायू सैलावतात व अन्न सावकाश पुढे सरकते. तेवढ्या वेळात त्यातील पाणी शोषले जाते आणि मळ कठीण होतो. पुढच्या महिन्यांत वाढत्या गर्भाशयाचा दाबही आतड्यांवर पडतो. त्यात हालचाल कमी, पाणी कमी आणि जोडीला लोहाच्या गोळ्या!

गोळ्या मात्र बंद करू नका

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या स्त्रीला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. म्हणूनच पहिले तीन महिने उलटल्यावर रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते.

गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. ते वेळ, मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलून देतात. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या.

घरच्या घरी काय कराल?

ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग, मटकीची उसळ, पालेभाज्या, पेरू आणि रात्री भिजवलेल्या मनुका किंवा अंजीर आहारात हवेत. मधुमेह असल्यास फळे व सुका मेवा किती खावा ते डॉक्टरांना विचारा. दिवसभरात आठ ते दहा पेले पाणी प्या, कारण पाण्याविना नुसता चोथा वाढवला तर त्रास उलट वाढतो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर रोज अर्धा तास चाला. शौचाची भावना झाल्यावर स्वयंपाक आटोपेपर्यंत थांबू नका. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या, म्हणजे कुंथावे लागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर इसबगोल भरपूर पाण्यासह घेता येते, पण तेही डॉक्टरांना विचारून. एरंडेल मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. त्याने आतड्यांबरोबर गर्भाशयही आकुंचन पावू शकते. जुलाबाची चूर्णे आणि एनिमाही स्वतःच्या मनाने नकोत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सतत कुंथल्याने मूळव्याध किंवा गुदद्वाराशी चीर पडू शकते. शौचावाटे रक्त पडले तर ते मूळव्याधीचेच असेल असे गृहीत धरू नका. डांबरासारखे काळे, चिकट शौच होणे, पोटात तीव्र वेदना, उलट्या, ताप किंवा वायूसुद्धा न सरणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा. उपाय करूनही त्रास हटत नसेल तर थायरॉइडची तपासणी करावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओटीपोट राहून राहून ठराविक वेळाने दुखत असेल, कडक होत असेल, कंबर भरून येत असेल किंवा अंगावरून पाणी वा रक्त जात असेल, तर "पोट साफ नाही म्हणून दुखतंय" असे म्हणून घरी बसू नका. त्या अवेळी सुरू झालेल्या कळा असू शकतात.

घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी "जेवलीस का?" याबरोबर "पोट साफ झालं का?" हेही सहज विचारावे. विचारणारे कोणी असले की सांगण्याचा संकोच आपोआप गळून पडतो.