ओठ शिवला, पण नाकाचे काय?



दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न निघतो तो ग्रहणाचा. पोटुशी असताना सुनेने ग्रहणात विळी हाती धरली होती का? आणि सगळा दोष त्या बिचारीच्या माथी बसतो. हे साफ चूक आहे. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो. त्या वेळी दिवस गेल्याचे पुष्कळदा बाईच्याही ध्यानात आलेले नसते. दोन बाजूंचे भाग मध्ये येऊन सांधायचे राहिले की ओठ दुभंगतो. याचा विळीशी काही संबंध नाही.

अलीकडे बहुतेक घरी बाळाचा ओठ वेळेवर शिवून घेतात, ही आनंदाची गोष्ट. पण टाके निघाले की काम संपले असे समजून पुढे कोणी डॉक्टरांकडे फिरकत नाही. मूल मोठे होते, नाक मात्र चपटे, एका अंगाला कललेलेच राहते. शाळेत पोरे चिडवतात, पुढे लग्नाच्या वेळी अडचण येते. या नाकाविषयीच आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

ओठाची फट वर नाकपुडीच्या तळापर्यंत गेलेली असते. पुष्कळदा हिरडीच्या हाडातही खाच असते. घराच्या एका कोपऱ्याचे जोते खचले की वरची भिंत कलते, तसेच इथे होते. त्या बाजूच्या नाकपुडीचा पाया खाली व मागे सरकतो. नाकाचे टोक उचलून धरणारी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कमानीसारखी राहण्याऐवजी पसरते. मधला पडदा वाकडा होतो आणि श्वासालाही अडथळा येतो. ओठ दोन्ही बाजूंनी दुभंगलेला असेल तर दोन नाकपुड्यांमधली दांडी फार आखूड राहते आणि टोक बसके दिसते. म्हणून हा नुसत्या रूपाचा प्रश्न नाही.

उपचार टप्प्याटप्प्याने होतात. बाळ साधारण तीन महिन्यांचे, अंगाने बरे व रक्त पुरेसे असले की ओठ शिवतात. त्याच वेळी नाकाची पसरलेली कूर्चा सोडवून जागेवर आणता येते. पूर्वी डॉक्टर इतक्या लहानपणी नाकाला हात लावायला कचरत, वाढ खुंटेल अशी भीती होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. हॅरोल्ड मॅकोम यांनी अशी शस्त्रक्रिया केलेल्या मुलांची अठरा वर्षांपर्यंत पाहणी केली. वाढ खुंटलेली दिसली नाही. टाळूही दुभंगली असेल तर ती साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात.

पुढचा टप्पा आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतो. हिरडीत खाच असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा दात उगवण्याआधी, कमरेच्या हाडातला थोडा भाग काढून ती भरतात. त्याने दाताला आधार मिळतो आणि नाकपुडीखालचे खचलेले जोतेही भरून निघते. शेवटची नाकाची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर करतात. मुलींची साधारण पंधरा-सोळाव्या, मुलांची सतरा-अठराव्या वर्षानंतर. तीत पडदा सरळ करतात आणि पडद्यातली, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन टोकाला आधार देतात. दोन्ही नाकपुड्या तंतोतंत सारख्या होतील असे नाही, पण रूपात व श्वासात चांगला फरक पडतो. लहानपणी संधी हुकलेल्या पंचविशी-तिशीतल्या माणसालाही हा मार्ग खुला आहे.

नुसती लागण करून आपण ऊस सोडून देतो काय? बाळभरणी होते, मोठी भरणी होते, तेव्हा कुठे पीक हाती लागते. ओठाचे टाके ही लागण समजा.

नाक दुरुस्त करण्याची विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठी शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कोवासजी असे आहे. पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो कुंभार होता असे सांगतात, मेणाचा साचा करून त्या मापाने कपाळाची कातडी सोडवली आणि खाली वळवून नवे नाक बसवले. ही हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरने 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. दुभंगलेल्या ओठाच्या नाकाला सहसा कपाळाची कातडी लागत नाही, काम कूर्चेचे असते. पण एका गाडीवानाचे नाक जगाला शिकवून गेले, हे आपल्या गाडीवानांनाही ठाऊक असावे.

आता काय करावे? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते, तीत दुभंगलेला ओठ व टाळू यांचाही समावेश आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे, अथवा कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात चौकशी करावी. 'स्माइल ट्रेन' या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया मोफत होतात. जुने कागद, फोटो जपून ठेवावेत. सर्दी-ताप असताना मुलाला शस्त्रक्रियेला नेऊ नये. डॉक्टरांनी नाकपुडीत नळी बसवली तर ती ते सांगतील तितके दिवस ठेवावी.

तोडणीच्या हंगामात कोपीवर असे मूल दिसले तर त्याच्याही आईबापांना हे जरूर सांगावे. ते सभासद नसतील, पण ऊस आपलाच तोडतात.