ऐरणीला ग्राइंडर लावण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारात, तालुक्याच्या भंगारवाल्याकडे किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावात जुनी ऐरण अजूनही किलोच्या भावाने हाती लागते. घेणारेही तऱ्हेतऱ्हेचे असतात. कोणी सुऱ्या घडवण्याची हौस असलेला, कोणी आजोबांचा लोहारकीचा पसारा पुन्हा मांडू पाहणारा. ऐरण घरी आली की चारचौघांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: वरून घासून लख्ख कर, झिजलेले कोपरे वेल्डिंगने भरून घे, नवी होईल. माझं मत याच्या अगदी उलट आहे. जुन्या अवजाराची खरी नासाडी बहुतेक वेळा दुरुस्तीतच होते.

गंजापासून सुरुवात करू, कारण घाबरतात लोक त्यालाच. तांबडे पोपडे सुटलेली ऐरण किंवा सांडशी कामातून गेली, असं सर्रास समजलं जातं. पण लोखंड गंजताना फुगतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट तरी असतं, ओलाव्यात साठलेल्या पापुद्र्यांचं तर त्याहूनही जास्त. तीन मिलिमीटरचा पोपडा निघाला म्हणून तीन मिलिमीटर लोखंड गेलं असं होत नाही. तारेचा ब्रश, रॉकेल आणि एखाद्या दुपारची चिकाटी एवढ्यात बहुतेक काम होतं. पोपड्यांखाली काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर लागला की थांबावं. तो खरवडून चकचकीत लोखंड उघडं पाडलं, तर पावसाळ्यात आठ दिवसांत पुन्हा तांबडं होईल. त्यापेक्षा वर तेलाचा हात फिरवलेला बरा.

छोट्या वस्तूंसाठी सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढण्याची पद्धत उत्तम आहे. बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायचा आणि बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला अवजार, धन टोकाला भंगाराचा लोखंडी तुकडा जोडायचा. टोकं उलटी लागली तर झिजतं ते अवजार. सोड्याऐवजी मीठ टाकलं की चालतं, हा गैरसमज मात्र धोक्याचा आहे, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे सगळं उघड्यावरच करायचं, कारण यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

आता ऐरणीकडे वळू. जुनी इंग्लिश ऐरण, उदाहरणार्थ डडलीच्या पीटर राइटची, सगळीच्या सगळी पोलादाची नसते. अंग घडीव लोखंडाचं असतं आणि त्यावर कडक पोलादाची पाटी आगीत तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. ही पाटी असते जेमतेम अर्ध्या इंचाच्या आसपास. शंभर वर्षांच्या वापरात तिचा काही भाग आधीच गेलेला असतो. 'पृष्ठभाग सपाट करून आणतो' म्हणून कोणी ती मशीनवर चढवली, की मधली खळगी काढण्याच्या नादात कडांकडचं उरलंसुरलं पोलाद छिलून जातं. ऐरण दिसते नवी आणि घण पडला की मऊ पडते.

मुळात ती खळगी काढायची कशाला? सळई सरळ करताना ती ठोक्यापुरती उलट बाजूला थोडी वाकवावी लागते, कारण मार थांबला की ती परत उसळते. किंचित खोलगट ऐरणीवर हे आपसूक होतं, ठणठणीत सपाट ऐरणीवर खाली काहीतरी देऊन करावं लागतं. टोकदार कडांचा हट्टही असाच. धारदार कडेवर तापलेलं लोखंड वाकवलं तर आतल्या कोनात चीर पडते आणि पुढच्या ठोक्यांत ती घडीसारखी आत दबते. घडवणाऱ्याला कडा थोड्या गोलच हव्या असतात. तुटून करकरीत झालेली कड फ्लॅप डिस्कने हलकेच गोलवावी आणि तिथे थांबावं. तेवढं करतानाही रंगावर नजर हवी. लोखंडावर गवती पिवळी छटा आली म्हणजे उष्णता २२० अंशांच्या आसपास गेली, निळी आली म्हणजे ३०० च्या घरात. जिथे निळं झालं तिथला कडकपणा उतरला, आणि तो हात फिरवून परत येत नाही.

कोपरे वेल्डिंगने भरणं याहून वाईट. ऐंशी किलोचा थंड गोळा वेल्डिंगची उष्णता क्षणात ओढून घेतो. कार्बन जास्त असलेलं पोलाद असं झटक्यात गार झालं की वेल्डच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं आणि तडकतं. त्यात ग्रिल-खिडक्यांना वापरतात तो साधा रॉड लावला, तर भरलेला कोपरा मऊच राहतो आणि पहिल्या आठवड्यात दबतो. हे काम होतच नाही असं नाही. आख्खी ऐरण दोनशेच्या आसपास अंशांपर्यंत सावकाश तापवून, कडक थर देणारे खास रॉड वापरून, नंतर तितकीच सावकाश निववून ते करतात. पण एवढा खटाटोप करण्याइतकी वाईट अवस्था फार थोड्या ऐरणींची असते. एक कड गेली असेल तर ऐरण फिरवून दुसऱ्या कडेवर काम करा.

"ऐरण घंटेसारखी वाजली पाहिजे." बाजारात हातोडी मारून कान लावणारे खूप भेटतात. अमेरिकेतल्या ट्रेंटनला होणारी फिशर ही नावाजलेली ऐरण बिडाच्या अंगावर पोलादी पाटी बसवून ओतलेली असायची. ती वाजत नाही, ठक्क होते, आणि काम उत्तम देते. वाजणारी ऐरणही जाड ओंडक्याला साखळीने आवळली की गप्प होते. आवाजाचा उपयोग वेगळा आहे. छोट्या हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक करत जावं. मध्येच एका जागी आवाज बसका झाला तर तिथे पाटी अंगापासून सुटलेली असण्याचा संभव असतो. ऐरणीची लायकी मात्र उसळीवरून ठरते. इंचभर व्यासाची बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून नुसती सोडायची. सात-आठ इंच परत आली तर ऐरण घ्यावी, तीन-चार इंचांवर दम तोडला तर ते नुसतं बीड आहे, त्याची किंमत भंगाराएवढीच. जोडीला कोपऱ्यावर जुनी कानस फिरवून पाहावी. घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ.

इंग्लिश ऐरणीच्या कमरेवर तीन आकडे कोरलेले असतात. त्यांना कोणी मॉडेल नंबर समजतं, कोणी साल. ते वजन असतं. पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पाव भागाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. १, २, १० असं असेल तर ११२ अधिक ५६ अधिक १०, म्हणजे १७८ पौंड, किलोत ८१ च्या जवळ. काटा मारणाऱ्या भंगारवाल्यापुढे एवढा हिशोब येत असलेला बरा.

आपल्या गावठी ऐरणीबद्दलचा गैरसमज मला जास्त खुपतो. चोच नसलेला, लाकडी ठोकळ्यात रोवलेला चौकोनी ठोकळा पाहिला की लोकांना ती मोडकी वाटते आणि तिला चोच जोडून घेण्याचे बेत सुरू होतात. बलुतेदारीतल्या लोहाराने फाळ शेवटले, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवल्या त्या अशाच ऐरणीवर, जमिनीवर बसून. घिसाडी कुटुंबं गाडीतून हाच ठोकळा घेऊन गावोगाव फिरली, पुरुष सांडशी धरायचा आणि बाई घण मारायची. तिला दुरुस्ती लागते ती एवढीच, की खालचा ओंडका कुजला असेल तर बदलायचा आणि ठोकळा हलणार नाही असा ठोकून बसवायचा. डळमळत्या ऐरणीवर निम्मा घाव ओंडक्यातच जिरतो.

ग्राइंडर मुद्दाम लावावा अशी जागा म्हणजे छिन्नीचं आणि सुंब्याचं डोकं. मार खाऊन ते चहूबाजूंनी फुलतं आणि त्याच्या पाकळ्या सुटून डोळ्यात जातात. हा फुलोरा तासूनच टाकायचा. पण 'मग डोक्यालाही पाणी देऊन टाकू, फुलणार नाही' असं म्हणणाऱ्याला थांबवा. डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. कडक केलं तर फुलण्याऐवजी त्याचे टवके उडतील. पाणी द्यायचं ते धारेकडच्या टोकाला. टोक लाल करावं, लोहचुंबक चिकटेनासा झाला की अजून किंचित तापवावं आणि दोनेक सेंटिमीटर तेवढं बुडवावं. मग पटकन दगडाने घासून उजळ करावं. मागची उष्णता पुढे सरकताना रंग धावत येतात, पिवळा, तपकिरी, जांभळा. धारेवर जांभळा पोहोचला की पुन्हा बुडवावं. नुसतं एकदा पाणी दिलं आणि ही दुसरी पायरी गाळली, तर धार कडक होते पण पहिल्या घावात तुकडा पडतो. छिन्नी ट्रकच्या पाट्यापासून केलेली असेल तर पाण्याऐवजी तेल वापरावं, पाण्यात ते पोलाद चिरू शकतं. आणि साध्या बांधकामाच्या सळईला कितीही पाणी दिलं तरी ती छिन्नी होत नाही.

जमिनीपर्यंत पाय असलेला लेग व्हाइस मिळाला तर त्याचे जबडे पूर्ण उघडल्यावर तिरपे दिसतात. हा दोष नाही. पुढचा जबडा खिळ्याभोवती फिरतो, त्यामुळे दोन्ही जबडे एकाच अंतरावर समांतर येतात. आत अडकलेला स्क्रू सोडवायला मात्र भट्टीत घालू नका. जुन्या व्हाइसच्या नळीतले आटे बऱ्याचदा वेगळे करून पितळेच्या डाकाने बसवलेले असतात आणि तो डाक वितळला की आटेच सुटतात. तेल सोडून आठवडाभर वाट पाहणं यात कमीपणा नाही.

राहिला दांडा. सैल झालेला हातोडा रात्रभर पाण्यात ठेवायची सवय घरोघरी आहे. सकाळी तो घट्ट होतो खरा, पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात चेपलं जातं आणि वाळलं की आधीपेक्षा सैल होतं. चांगल्या हातोड्याचं भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद असतं, ते पाचर मारून वर फाकवण्यासाठीच. सुकलेल्या बाभळीचा, उभ्या रेषांचा दांडा घ्यावा, पाचर ठोकावी आणि जवसाचं तेल चोळावं. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं मोकळं पसरून वाळवावं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावं.