माळवदावर नवा थर देण्याआधी



जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, आमचं माळवद गळायलंय." परतूर आणि आसपासच्या गावांत आज स्लॅबची घरं वाढली असली, तरी जुनी माळवदाची घरं अजून आहेत आणि त्यांत आपली मुलं झोपतात. म्हणून हा पाठ फक्त मुलांसाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

माळवद म्हणजे काय?

माळवद म्हणजे लाकडावर मातीचा थर दिलेलं सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन. त्यावर पाला आणि चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार आणि कडेला पन्हाळ. उजेडासाठी मधे सवणं.

वर पांढरीच माती का? आपल्या शेतातली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. पांढरी माती तेवढी भेगाळत नाही, चोपली की घट्ट बसते. वाडवडिलांनी हे अनुभवातून ओळखलं होतं. मुलांना दोन्ही मातींच्या पातळ वड्या करून उन्हात वाळवायला सांगा. भेगा त्यांच्याच डोळ्यांना दिसतील, वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चूक कुठे होते?

गळायला लागलं की आपण काय करतो? वरून आणखी माती टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा गळतं, पुन्हा टाकतो. जुना थर कोणी काढत नाही, कारण ते कष्टाचं काम. आता वर्गात हे गणित घालून बघा:

१० फूट लांब, १० फूट रुंद खोली. छतावर फक्त १ इंच माती टाकली, तर ती साधारण सव्वाआठ घनफूट होते. एक घनफूट माती अंदाजे ४५ किलो धरली, तर वजन होतं जवळपास ३७५ किलो! दरवर्षी अर्धा इंच म्हटलं तरी २० वर्षांत १० इंच, म्हणजे ३,७५० किलो. सिमेंटच्या ७५ गोण्या डोक्यावर रचून आपण खाली झोपतो. माती भिजली की वजन आणखी वाढतं.

याची किंमत मराठवाड्यानं मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. तिथली बहुतेक घरं मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, आणि वर दीड-दोन फुटांपर्यंत मातीचा थर. भिंती ढासळल्या आणि दगड-मातीच्या ढिगाऱ्याखाली झोपलेली माणसं गाडली गेली. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खांब-तुळया मात्र उभ्या राहिलेल्या दिसल्या. म्हणजे दोष लाकडाचा नव्हता. कच्च्या भिंतींचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा होता. आपल्याकडेही निर्धास्त राहून चालणार नाही. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसलेच.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमचं जुनं माळवद गळत होतं. दुकानदारानं सांगितलं, "हे वॉटरप्रूफ कोटिंग मारा, दहा वर्षं बघायचं काम नाही." आम्ही मातीवर सिमेंटचा पातळ थर दिला आणि त्यावर कोटिंगचे दोन हात मारले. वरून एकदम चकाचक! पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी बारीक भेगा पडल्या. पाणी आत जायला वाट होती, पण वाळून बाहेर यायला नव्हती. तिसऱ्या वर्षी आईला एका कडीखाली भुसा पडलेला दिसला. सुतारकाकांनी टोच्या लावला, तर तो निम्मा आत गेला. कडी आतून कुजली होती आणि उधईही लागली होती. त्याच कडीखाली माझी मुलगी अभ्यासाला बसायची.

लाकूड आणि माती ओल-उन्हाबरोबर हलतात. सिमेंट हलत नाही, तडकतं. कोटिंग वाईट नसतं, पण ते पक्क्या, कोरड्या पायावर द्यायचं असतं. आम्ही रोग झाकला होता, बरा केला नव्हता.

मग कसं करायचं?

१. आधी खालून बघा. काळे डाग, भुसा, मातीच्या नळ्या (म्हणजे उधई), वाकलेली तुळई. हातोडीनं ठोका, पोकळ आवाज आला तर टोच्या लावा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक नक्की तपासा, ओल तिथेच साठते.

२. थराची जाडी मोजा. सवण्याच्या कडेला ती सहज दिसते.

३. जुनी माती खरवडून उतरवा. खालून टेकू देऊन, सगळीकडून सारखी काढा. एका जागी ढीग घालू नका. काम जाणत्या गवंडी-सुताराकडूनच करून घ्या, मुलांना वर चढू देऊ नका, आणि त्या दिवशी खाली कोणी थांबू नका.

४. कुजलेलं लाकूड बदला. चांगल्याला उधईचं औषध लावून पूर्ण वाळू द्या.

५. नवा थर पातळ द्या, नीट चोपा, उतार पन्हाळीकडे ठेवा. बऱ्याचदा गळती मातीमुळे नसतेच, पन्हाळ तुंबलेली असते!

६. काम चैत्र-वैशाखात उरका. मृग लागला की घाई होते आणि ओल आत राहते.

भिंत फुगली असेल किंवा तिला उभी भेग असेल, तर मातीचा खर्चच करू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.

वर्गासाठी उपक्रम

चौथी-पाचवीच्या मुलांना घरी आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारायला सांगा: आपलं माळवद किती जुनं? शेवटची माती कधी टाकली? जुनी माती कधी काढली होती का? मग खोलीची लांबी-रुंदी मोजून आणायला लावा आणि वरचं गणित प्रत्येकानं आपापल्या घराचं करावं. आमच्या वर्गात तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वह्यांत एकच उत्तर आलं, "नाही."

त्या वह्या मी पालकसभेत वाचून दाखवल्या. यंदा वैशाखात दोन घरांनी जुनी माती उतरवली. तुम्हीही करून बघा आणि काय उत्तरं आली ते जरूर कळवा.