शर्यत कोणती निवडावी? हेर्त्सोगेनआउराखच्या निमित्ताने

पूर्वी परदेशी गेलेली मुले आईवडिलांना बोलावीत ती चार ठिकाणे दाखवायला. हल्ली बोलावणे येते ते धावायला! आमच्या मावसबहिणीच्या घरी नुकतेच असेच झाले. तिची मुलगी जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख या गावी नोकरीला आहे. तिने कळविले, "आई, तू ये. आपण दोघी मिळून एका शर्यतीत भाग घेऊ." इकडे वाक्वात राहणाऱ्या मुलाने लगेच आपले घोडे पुढे दामटले. त्याला हवी होती अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानातली शर्यत. जर्मनीतल्या सात वर्षांच्या नातवाने टेलिफोनवरून मामाची बाजू घेतली. आणि जिच्यासाठी हा सारा घाट, ती आमची बहीण अठ्ठावन्न वर्षांची. मधुमेह मागे लागलेला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले. तिला मात्र कोणी काही विचारलेच नव्हते.

असा प्रसंग आज आपल्या बेटावरील अनेक घरांत येतो. म्हणून या शर्यतींचा थोडा परिचय करून घेऊ.

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ साली पहिली मॅरेथॉन झाली. आता तिथे वर्षातून अनेकदा शनिवार-रविवार धरून शर्यतींचा उत्सव भरतो आणि प्रत्येक उत्सवाचा विषय निराळा असतो. जानेवारीत मॅरेथॉन, फेब्रुवारीत राजकन्यांची अर्धमॅरेथॉन, एप्रिलमध्ये वसंताचा उत्सव, शरदात खाण्यापिण्याचा. लोक परीकथेतील पोशाख घालून धावतात, वाटेत मिकी माउसबरोबर छायाचित्र काढून घेतात, शेवटी गळ्यात रंगीबेरंगी पदक पडते. जानेवारीत एक 'डोपी' नावाचे आव्हानही असते. चार दिवसांत ओळीने पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, अर्धी आणि पूर्ण मॅरेथॉन. एकूण सुमारे ७८ किलोमीटर! आमच्या भाच्याची नजर होती ती यावर.

पदकाच्या चकाकीमागे एक हिशेब दडलेला असतो, तो कागद-पेन्सिल घेऊन करावा. तिथला नियम असा की मैलाला सोळा मिनिटे, म्हणजे किलोमीटरला सुमारे दहा मिनिटे, या गतीने पुढे सरकत राहिले पाहिजे. जो फार मागे पडेल त्याला गाडीत बसवून नेले जाते. दहा मिनिटांत किलोमीटर म्हणजे तासाला सहा किलोमीटर. भरभर चालणाऱ्यालाही पाच किलोमीटर ही गती टिकवायची म्हणजे परीक्षाच. शिवाय शर्यती पहाट होण्यापूर्वीच सुरू होतात. शर्यतीच्या शुल्कात उद्यानाचे तिकीट धरलेले नसते, ते वेगळे काढावे लागते. आणि आपल्या मॉरिशसच्या नागरिकास अमेरिकेत जायचे तर आधी व्हिसा लागतो. जर्मनी-फ्रान्सला मात्र नव्वद दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी तो लागत नाही.

आता ते हेर्त्सोगेनआउराख पाहू. न्यूरेंबर्गच्या वायव्येस वीस-पंचवीस किलोमीटरवर, आउराख नदीकाठचे हे गाव पंचवीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचे. प्रवासी रेल्वे १९८४ सालीच बंद झाली. एर्लांगेनला उतरून बस धरावी लागते. पण जगातील धावणाऱ्यांच्या पायांत जे बूट असतात, त्यांतील दोन मोठ्या कंपन्यांचे घर हेच. आडोल्फ आणि रुडोल्फ डास्लर या भावांनी १९२४ साली इथे मिळून बुटांचा कारखाना काढला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पायांत त्यांचे बूट होते. पुढे भावाभावांत वितुष्ट आले. रुडोल्फने १९४८ साली प्यूमा काढली, आडोल्फने १९४९ साली आडिडास. गावही दुभंगले. समोरच्या माणसाच्या पायांत कोणते बूट आहेत ते पाहून मग बोलायचे, म्हणून याला 'मान खाली घालून पाहणाऱ्यांचे गाव' असे नाव पडले. दोघे भाऊ एकाच स्मशानभूमीत, पण दोन टोकांना विसावले आहेत. २००९ साली दोन्ही कंपन्यांच्या नोकरांनी एकत्र फुटबॉलचा सामना खेळून हस्तांदोलन केले.

या गावातही शर्यत होते. २०२१ पासून आडिडासच्या आवारात निवडक धावपटूंच्या शर्यती भरविल्या जातात. त्यांचा विषय एकच : विक्रम. १२ सप्टेंबर २०२१ रोजी इथिओपियाच्या सेन्बेरे तेफेरीने इथे पाच किलोमीटर १४ मिनिटे २९ सेकंदांत पार केले. केवळ स्त्रियांच्या शर्यतीतील तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. २०२४ साली केनियाच्या इमॅन्युएल वान्योनीने रस्त्यावरील एक मैलाचा विक्रम इथेच केला. हे डोळे भरून पाहावे. आपल्यासारख्यांनी त्यात उतरायचे नव्हे.

मग गावात राहून आपण धावावे कुठे? शेजारीच फ्यूर्थ शहरात जून महिन्यात मॅरेथॉन असते, तीत लहान पल्लेही असतात. उत्तरेला बांबर्ग आहे. त्याचे जुने शहर १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि २००३ पासून दर दोन वर्षांनी, विषम साली, मे महिन्यात तिथे 'जागतिक वारसा दौड' भरते. जुने रस्ते, पूल आणि टेकड्यांचे चढ यांतून लोक धावतात. आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आपले पूर्वज चढले, तोही २००६ पासून जागतिक वारसा आहे, आणि ल मोर्नचा डोंगर २००८ पासून. आणि नातवाचे काय? त्याच्यासाठी जवळच त्सिर्नडोर्फला प्लेमोबिलच्या खेळण्यांचे उद्यान आहे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी तिथे नेले की तोही खूश.

आमच्या बहिणीच्या घरी वाद बराच रंगला. शेवटी ती स्वतःच उठली. "तुम्ही पदके मोजता आहात, आधी माझी पावले मोजा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा घड्याळ घेऊन तिच्याबरोबर निघाला. एक किलोमीटरला तेरा मिनिटे लागली. म्हणजे पाच किलोमीटरला तास आणि वर पाच मिनिटे, तीही दम टिकला तर. डिस्नेच्या नियमाने पन्नास मिनिटांत हे अंतर संपवायचे. म्हणजे आई गाडीत बसून परत येणार आणि मुलगा पदक घालून! मुलगा गप्प झाला. तरुणपणी महाशिवरात्रीला कावड घेऊन हीच आई गंगातलावापर्यंत पायी जात असे, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले.

मग निवड सोपी झाली. २०२७ सालचे बांबर्ग ठरले. मुलगा अर्धमॅरेथॉन धावेल. आई आणि मुलगी सर्वांत लहान पल्ला घेतील. पल्ले निराळे, पण शहर एक, दिवस एक आणि संध्याकाळचे जेवण एका टेबलावर. चालत भाग घेतला तर चालेल का आणि वेळेची मर्यादा काय, हे मुलीने संयोजकांना लिहून विचारले आहे. उत्तर आल्याशिवाय नोंदणी नाही, असेही ठरले.

ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरातल्या सर्वांत मंद पावलाची गती आधी मोजावी, शर्यत नंतर शोधावी. मधुमेह असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खिशात साखर ठेवावी, पायांची रोज पाहणी करावी. हेर्त्सोगेनआउराखला कंपन्यांच्या दुकानांतून बूट जरूर घ्यावेत, पण नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. फोड आला की मधुमेह्याला तो महिनाभर पुरतो. आणि तिकडे मे महिन्याची सकाळ आपल्या हिवाळ्यापेक्षाही गार असते, तेव्हा अंगात स्वेटर असावा.

पंढरीच्या वारीत दिंडी म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोबत घेऊन चालते. ज्या गावात दोन भाऊ एका घरातून निघून दोन दिशांना गेले, त्या गावाच्या निमित्ताने आमच्या बहिणीच्या घरातील तिघे एका रस्त्यावर येत आहेत, हे आम्हांला बरे वाटते. भाच्याला 'डोपी'चे पदक पुढे कधीतरी मिळेलच. सध्या तो रोज पहाटे पाच वाजता आईला उठवायला येतो आणि बहुतेक वेळा ती आधीच बूट बांधून दारात उभी असते. परवा किलोमीटरला बारा मिनिटे लागली.